चालू हापसा

लातूरचा वेगळा जिल्हा झाला आणि ‘चालू’ या शब्दाला ऊत आला. पूर्वी गावात इंजन चालू व्हायचं, गिरणी चालू व्हायची. पट्टा फिरला, पीठ पडलं की झालं चालू. आता कचेरी चालू, छप्पर नसलेली शाळा चालू, रोजगार हमीचं काम चालू, आणि साहेब लोकांचे दौरे तर काय, बारमाही चालू. पंचफुलाला या शब्दाचा वीट आला होता. रेणापूरजवळच्या तिच्या गावात सलग दुसऱ्या साली पाऊस नव्हता. गावातला एकुलता एक हापसा होळीच्या आधीच कोरडा पडला होता. दांडा मारला की नुसतं खडखडायचं. गाव जगत होतं ते दिवसाआड येणाऱ्या टँकरवर.

त्यात तिची सून सिंधू नुकतीच बाळंत झालेली. तिच्या नि बाळाच्या अंघोळीसाठी पंचफुलानं एक घागर फडकं बांधून चुलीमागं जपून ठेवली होती.

अशात सांगावा आला, नव्या जिल्ह्याचे साहेब हापसा बघायला येणार. सरपंच अण्णाराव उजाडताच दारोदार फिरले. “घरटी एक घागर आणा. बोअरात वतायची.”

“अवो, कोरडा हाय तर कोरडा दावा की,” पंचफुला म्हणाली. “त्यासाठीच तर यायलेत ना ते?”

“मावशे, साहेब पहिल्यांदा गावात यायलेत. त्यांच्यापुढं रिकामा दांडा हलवायचा? गावाची शोभा होईल. खूश झाले तर दुसरा हापसा देतील.”

आणि लोकांनी पाणी आणलं! लेकरांच्या तोंडचं, जनावरांच्या तोंडचं पाणी आणून बोअरात ओतलं, आणि वर हापशाला हळदकुंकू लावून हार घातला. अण्णारावांनी चुलीमागची घागर स्वतः उचलून नेली. पंचफुला आडवी झाली, तर शेजारणींनी तिलाच गप्प केलं. असल्या अकलेपुढं बोलणार काय, कपाळ?

साहेब आले. अण्णारावांनी दांडा मारला आणि तांबूस, ग्रीसचा वास मारणारी धार पडली. टाळ्या वाजल्या. साहेबांनी नाक मुरडलं, पाणी काही तोंडात घेतलं नाही. हात धुतले, तोंडावर शिपका मारला. मग बुटाला शेण लागलेलं दिसलं, तेव्हा पाय धारेखाली धरला. एक झाला, मग दुसरा. अण्णाराव दांडा मारतच होते, हसतच होते. सिंधूच्या अंघोळीचं पाणी शेणात मिसळून गटारीकडं चाललं आणि एक कुत्रं ते चाटायला लागलं.

पंचफुला पुढं झाली. “साहेब, हे बोअरचं पाणी न्हाई. सकाळी आम्हीच वतलंय. अजून थोडं हापसा, धार तुटती का न्हाई बघा.”

अण्णाराव खोटं खोटं हसले. साहेबांनी रुमालानं हात पुसले. ते चिडले नाहीत, हीच खरी किळस. “बाई,” ते म्हणाले, “दांडा हलतो, पाणी पडतं. म्हणजे यंत्र चालू. आम्ही तेवढंच बघतो.” आणि जीपमध्ये बसून निघून गेले.

धुरळा खाली बसायच्या आत गाव हापशावर तुटून पडलं. ज्याला त्याला आपलं ओतलेलं पाणी परत पाहिजे होतं. मघा टाळ्या पिटणारे हात आता एकमेकांच्या झिंज्या उपटत होते, हार पायाखाली तुडवला गेला. पंचफुलाची पाळी आली तेव्हा हापसा दोनदा खोकला आणि गप्प बसला.

टँकरच्या दिवशी बाया घागरी घेऊन वेशीत बसल्या, अण्णारावही येऊन उभे राहिले. टँकर आला, पण गावाकडं वळला नाही. सडकेवरच थांबला. देगलूरकडचा ड्रायव्हर बसवराज, भला माणूस, त्यानं खिडकीतून डोकं काढलं. “तुमच्या गावाची खेप बंद केली. हापसा चालू झाला म्हणं,” तो मनापासून आनंदानं म्हणाला. “मुबारक हो, सरपंच!”

अण्णारावांनी सवयीनं हात जोडले आणि हसले. टँकर सडकेवर पाणी ठिबकवत पुढं गेला.

पंचफुला अण्णारावांसमोर जाऊन उभी राहिली. तिला त्या जोडलेल्या हातांवर थुंकायचं होतं. पण तोंडात थुंकीच नव्हती.