साखराबाईच्या पुढे एक पात

प्रांजली माझ्या धाकट्या जावेची, साखराबाईची सून. वय एकोणतीस, दोन लेकरांची आई. सहा महिने तिच्या अंगावरून फार जायचं, रक्त कमी झालं होतं. जालन्याला सोनोग्राफी केली तर गर्भपिशवीत मोसंबीएवढी गाठ निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही कॅन्सरची गाठ नाही, नुसती गाठ काढता येते, पिशवी राहते.

ऐकून मला बरं वाटायला पाहिजे होतं. वाटला तो हेवा. सव्विसाव्या वर्षी मलाही अशीच गाठ झाली होती. मला कुणी काही विचारलं नाही. कागदावर अंगठा घेतला आणि पिशवी, अंडाशय सगळंच काढलं. तोवर एक लेक झाली होती, शालू, तेवढीच.

साखराबाईचा मात्र हट्ट होता की पिशवीच काढायची. लेकरं झाली, आता ती ठेवून काय करायचं, गाठ परत आली तर काय. ऑपरेशनच्या आधी ती सुनेला घेऊन माझ्याकडे आली.

"अक्का, तुम्हीच सांगा हिला. चाळीस वर्षं झाली, तुम्हाला काय झालं? अजून माझ्या पुढं पात नेता."

खरं होतं. तिला तीन पोरं झाली. तिच्यापुढे उणी दिसू नये म्हणून कापूस वेचताना माझी पात, म्हणजे वाट्याला आलेली ओळ, मी नेहमी तिच्या पुढे ठेवली. घरी येऊन कंबर विटेनं शेकायची. भर थंडीत अंगातून वाफा निघायच्या, ते कुणाला दिसू दिलं नाही.

आताही काही झालं नाही एवढं म्हटलं की प्रांजली माझ्यासारखी होणार होती. तसं व्हावं असं मला वाटलंही.

"मोठ्या आई, खरंच काही न्हाई झालं?" प्रांजलीनं विचारलं. तिचा हात पोटावर होता.

"झालं," मी म्हणाले. "तिशीत म्हातारी झाले मी. साखरा, तुला कळू दिलं न्हाई. तुझं सगळं बराबर होतं, ते मला बघवत नव्हतं."

साखराबाई म्हणाली, "अन् मी तुमच्या पातीवर जळून राह्यले."

शेवटी प्रांजलीची नुसती गाठ काढली. पुन्हा होऊ शकते, तपासत राहा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

तीन महिन्यांनी प्रांजली वेचणीला आली. तिची पात सगळ्यांच्या पुढे गेली आणि मला पुन्हा टोचलं. मी बांधावर बसले, कंबर धरून पहिल्यांदाच सगळ्यांसमोर मोठ्यानं कण्हले. साखराबाईनं वळून बघितलं आणि माझी अर्धी राहिलेली पात वेचायला घेतली.