सुकन्यानं पुसलेलं झाड

मित्रांनो, मी एक जुनं सॉफ्टवेअर आहे. नाव ऐकून लगेच तोंड वाकडं करू नका. मला हात नाहीत, पाय नाहीत, चहाचा घोटही नशिबी नाही. पण माझ्या पोटात अकरा वर्षांचं बुद्धिबळ साठलेलं आहे. ते एका शनिवारी जाता जाता राहिलं, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म नांदेडच्या एका कॉलेजात दयानंद नावाच्या मुलाच्या हातून झाला. शेवटच्या वर्षाला काहीतरी बनवून दाखवायचं होतं आणि याला बुद्धिबळाचं भारी वेड. डावाच्या सुरुवातीच्या पंधरा-वीस चाली मांडून ठेवायचं काम त्यानं मला शिकवलं. पांढऱ्यानं एक चाल केली की काळा तिला तीन-चार उत्तरं देऊ शकतो, त्या प्रत्येकाला पुन्हा पांढऱ्याची तीन-चार. म्हणजे एक खोड आणि त्याला फांद्याच फांद्या. हे झाड मी पडद्यावर दाखवतो, आणि तुम्ही ज्या फांदीवर जाल तिथला पट शेजारी मांडून देतो. दयानंदच्या सरांनी मला पाहिलं आणि विचारलं, "याचा उपयोग काय?" फार लागलं हो मनाला. पास केलं ते सोडा.

दयानंद नोकरीसाठी पुण्याला गेला आणि जाताना मला देगलूरच्या रियाजभाईंच्या कॉम्प्युटरात टाकून गेला. रियाजभाईंचं बस स्टँडजवळ घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. मागच्या खोलीत ते पोरांना बुद्धिबळ शिकवतात. त्यांनी मला असं कामाला जुंपलं की विचारू नका. पोरं कुठंही खेळून आली की त्यांचा डाव माझ्यात चढायचा.

रियाजभाईंच्या दोन रीती होत्या. हरलेली चाल पुसायची नाही. तिला लाल रंग द्यायचा आणि कोण, कुठं हरलं ते शेजारी लिहायचं. "घड्याळ कुठं अडलं ते कळल्याबिगर दुरुस्त व्हत न्हाई बेटा," असं ते म्हणायचे. दुसरी रीत भिंतीवरच लिहिलेली होती: 'हात लावला, चाल झाली.' आता माझ्याकडे 'मागे' नावाचं एक बटण आहे, केलेलं सगळं परत फिरवणारं. सराव करताना पोरं चाल चुकली की तेच दाबायची. रियाजभाईंनी हुकूम काढला, त्या बटणाला कुणी शिवायचं नाही. तेव्हापासून ते बिचारं रिकामं बसून होतं.

सुकन्या ही त्यांची सातवीतली शिष्या, जवळच्या खेड्यातून यायची. गेल्या साली लातूरला ती चौदाव्या चालीत हरली, आणि रीतीप्रमाणे माझ्यात लाल फांदी उगवली. यंदा नवी पोरं आली, त्यांना ती फांदी सापडली. झालं. तिचं नावच 'चौदा' पडलं. "ए चौदा, सरक की तिकडं."

नांदेडच्या स्पर्धेला आठ दिवस राहिले होते. त्या शनिवारी तीन वाजता ती एकटीच माझ्यासमोर येऊन बसली. रियाजभाई पुढं दुकानात, डोळ्याला भिंग लावून कुणाचं तरी घड्याळ उघडून बसले होते. ती आपली लाल फांदी पुसायला निघाली. हात घाईत होता, फांदीवर जायचा तो खोडावर गेला. मी विचारलं, 'हे आणि याच्या पुढचं सगळं पुसायचं का?' तिनं न वाचताच 'हो' दाबलं. तुम्हीही तेच करता, मला माहीत आहे.

अकरा वर्षं गेली. पडद्यावर नुसता मांडलेला पट उरला.

'मागे' बटण तिच्यापासून बोटभर अंतरावर होतं. पण ती भिंतीकडे बघत बसली. त्या खोलीत वाढलेलं लेकरू ते. चाल परत घेता येते हे तिच्या मनाला शिवलंच नाही. आणि मी ओरडू कसा? दयानंदनं मला एक वाईट सवय लावून ठेवली आहे. केलेला बदल मी लगेच जपून ठेवतो, पण पुसलेलं मला बंद होईपर्यंतच आठवतं. शनिवारी चारला लाइट जायची. दुकानातली चाळीस घड्याळं चाळीस वेळा सांगत होती. खरी वेळ माझ्या कोपऱ्यात होती. तीन पन्नास.

तेवढ्यात रियाजभाईंच्या घरच्या, गौसियाचाची, चहा घेऊन आल्या. "काय गं, रडून राहिली का?"

"न्हाई."

"मग डोळ्यात काय गेलं?"

सुकन्या उठली आणि सरळ दुकानात गेली. मला ऐकू आलं, "चाचा, मी झाड पुसलं. सगळंच गेलं. मला माझी लाल फांदीच काढायची व्हती. पोरं मला चौदा म्हणतेत."

रियाजभाई आले. भिंग अजून कपाळावरच. पडदा पाहून त्यांनी खुर्ची पुढं ओढली. मग हळूच विचारलं, "मधी बंद केलं व्हतं का?"

"न्हाई. हातच लावला न्हाई."

त्यांनी 'मागे' बटणावर नेम धरला, क्षणभर भिंतीकडे पाहिलं आणि दाबलं. सरसर सगळ्या फांद्या परत आल्या, लाल फांदीसकट. मित्रांनो, माझा जीव भांड्यात पडला.

"चाचा, पण चाल परत घेता येत न्हाई ना?"

"पटावर न्हाई येत. हितं आली, तू येऊन सांगितलं म्हणून."

"मी चार सालापासून म्हणून राहिले, पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा," गौसियाचाची म्हणाल्या. "माझं ऐकतंय कोण." आणि लाइट गेली. मी विझलो, पण निवांत विझलो.

आता माझी एक नक्कल घड्याळाच्या स्क्रूंच्या डबीत असते. सोमवारी पोरांना माझ्यात एक नवी लाल फांदी दिसली: 'रियाज, माहूर, अकराव्या चालीत.' पोरं पोट धरून हसली, रियाजभाईही हसले. चौदा हे नाव त्या दिवशी संपलं. नांदेडहून सुकन्या पाच डाव घेऊन आली. त्यातला एक तिनं स्वतःच लाल केला आणि शेजारी आपलं पूर्ण नाव लिहिलं.

तेव्हा मित्रांनो, मी काही पुसायचं का असं विचारलं तर आधी वाचत जा. माझी एक नक्कल कुठंतरी ठेवत जा. आणि तरीही हातून चूक झालीच, तर भिंतीकडे बघत बसू नका. उठा, जाऊन सांगा. माझ्यासारख्याला लाइट जाईपर्यंतच आठवतं.