दादांचे कान

तयार कपड्यांच्या कारखान्यात मास्तरांनी पस्तीस वर्षं कापड कापलं. एकावर एक साठ थर टाकायचे, वर खडूची रेघ मारायची आणि रेघेवरून यंत्र फिरवायचं. सुताइतकाही फरक त्यांना खपत नसे. निवृत्त झाल्यावर हात रिकामे राहिले, तेव्हा ते घरामागच्या बागेत लुडबुड करू लागले. बाग खरी त्यांच्या बायकोची. गुलाबाची चार झाडं, सूर्यफुलं आणि कुंपणावर चढवलेला भोपळ्याचा वेल. हे करू नका, ते तोडू नका, असं तिला दिवसभर सांगावं लागे.

बागेचा खरा रसिक मात्र तिसराच होता. मास्तरांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळी गल्ली दादाच म्हणे. दादांनी जन्मभर रेडिओ दुरुस्त केले होते. बायको गेली, मग नजरही गेली, आणि ते धाकट्याकडे राहायला आले. आता त्यांना उजेड आणि सावली एवढंच कळायचं. बाकी सगळ्यासाठी मास्तरांचे डोळे होते. औषधाची गोळी पिवळी की पांढरी, दारात कोण आलंय, चेंडू कुणी कुंपणावरून टाकला, सगळं मास्तर सांगायचे आणि दादा ते डोळे झाकून मानायचे.

रोज सकाळी दादा वेलापाशी खुर्ची टाकून बसत. माश्या-भुंग्यांचं गाणं ऐकणं हा त्यांचा उद्योग. काळा भुंगा खर्जात घुमतो, मधमाशी फुलात शिरली की तिचा आवाज दबतो, असलं काहीबाही ते सांगत राहत आणि मास्तर वर्तमानपत्रातून डोकं न काढता हुंकार देत.

त्या वर्षी गुलाबाची पानं कुणीतरी कातरायला लागलं. पानाच्या कडेला अर्धा गोल, अगदी नेमका, जसा बाहीच्या मुंढ्याचा काप. मास्तरांनी पान उजेडात धरून पाहिलं. काप इतका साफ की क्षणभर त्यांना कौतुकच वाटलं. मग मात्र डोकं फिरलं. आपल्या बागेत आपल्याला न विचारता कात्री चालवणारा हा कोण?

बी-बियाण्यांच्या दुकानदाराने किडीचं जालीम औषध दिलं. फुलांवर मारू नका, मारायचंच तर सूर्य मावळल्यावर मारा, हेही सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बायको दादांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली आणि घर रिकामं मिळालं. मास्तरांनी दहाच्या उन्हात फवारणीचा पंप खांद्याला लावला. गुलाब झाले, आणि पंपात उरलंय म्हणून सूर्यफुलं झाली, वेलही झाला. वेल तेव्हा फुलांनी पिवळाधमक होता.

दोन तासांनी बागेतल्या फरशीवर माश्या पडलेल्या दिसल्या. काही जागच्या जागी गरगर फिरत होत्या. एक मोठा भुंगा उताणा पडून पाय हलवत होता.  मास्तरांनी खराटा घेऊन सगळं केराच्या डब्यात भरलं, पंप धुतला आणि बायको यायच्या आत साबणाने हातही धुऊन टाकले.

दुसऱ्या दिवशी दादा खुर्चीत बसले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, आज ढग आलेत का? एकही माशी घुमत नाही. मास्तर म्हणाले, हो, थोडे आहेत. खरं तर ऊन चांगलं कडक होतं, दादांच्या अंगालाही लागत होतं, पण त्यांनी ते मानलं. चौथ्या दिवशी दादांनी कानात करंगळी घालून पाहिली, मान तिरकी करून पाहिली.

“धाकट्या, माझे कान पण गेले वाटतं. माणसांचं ऐकू येतं, माश्यांचं नाही,” ते म्हणाले.

खरं सांगायची वेळ ती होती. मास्तरांच्या ओठांवर शब्द आलाही होता. पण त्यांच्या तोंडून निघालं ते असं, “वय झालं दादा. चालायचंच.”

दादांनी मान हलवली. भाऊ म्हणतोय म्हणजे तसंच असणार. त्या दिवसापासून ते बागेत यायचे थांबले. खोलीत भिंतीकडे तोंड करून बसत. कुणी बोललं तर आधीच कानाला हात लावत. कानांच्या डॉक्टरने तपासून कान ठणठणीत असल्याचं सांगितलं, तर दादांना वाटलं, म्हाताऱ्याचं मन राखतोय. मास्तर बाजूच्या स्टुलावर बसून जमिनीकडे पाहत होते.

महिनाभराने मास्तरांच्या बायकोने विषय काढला. भोपळे लिंबाएवढे होतात, पिवळे पडतात आणि गळतात. वेलावर एकही माशी फिरकत नाही, हे कसं? मास्तरांनी हातातला घास ताटात ठेवला. ते उठले, दादांच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगून मोकळे झाले.

 दादांनी विचारलं, “औषध कशासाठी मारलंस?”

मास्तरांनी पानांचं सांगितलं.

“ती पण माशीच. पानाचे तुकडे नेऊन पिल्लांसाठी घर करते. मी रोज ऐकायचो तिला, बारीक कुरकुर यायची. मला विचारायचंस तरी.”

“चुकलं दादा.”

“माश्यांचं एक वेळ राहू दे,” दादा म्हणाले. “मी महिनाभर बहिरा होतो, रे. तुझ्या सांगण्यावरून.”

त्यांनी आवाज चढवला नाही. दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा वेलापाशी बसू लागले, हसले-बोललेही. पण मास्तर म्हणाले तीन वाजले, की थोड्या वेळाने दादा हळूच मास्तरांच्या बायकोला विचारत, किती वाजले गं? मास्तरांनी गोळी हातावर ठेवली, की ती मुठीत धरून मास्तरांची बायको येईपर्यंत थांबत. मुद्दाम नव्हे. त्यांना ते कळतही नसावं. मास्तरांना मात्र दर वेळी कळायचं.

थंडी पडायच्या आधी दादांची लेक त्यांना न्यायला आली. ती दर वर्षी यायची आणि दादा दर वर्षी नको म्हणायचे. या खेपेला त्यांनी स्वतःच बॅग भरायला सांगितली.

पुढल्या हंगामात मधमाश्या परतल्या, थोड्या, बिचकत. मास्तर आता खुर्ची टाकून बसतात, डोळे मिटून भुंगा कोणता आणि माशी कोणती ते ओळखायला बघतात. त्यांना सगळी एकच गुणगुण वाटते. त्यांनी भावाला फोन करून माश्या आल्याचं कळवलं. दादांना आनंद झाला. कितीशा आहेत, कुठल्या फुलांवर बसतात, त्यांनी सगळं विचारून घेतलं.

मग म्हणाले, “जरा तिला फोन दे रे.”

मास्तरांनी फोन बायकोच्या हातात दिला आणि ते वेलापाशी जाऊन उभे राहिले.