तारखेचा रकाना

पुसदच्या एका मुलींच्या वसतिगृहाचा ऑनलाइन अर्ज मी बनवला होता. झेरॉक्सच्या दुकानात बसून, व्हिडिओ पाहत वेबसाइटचं काम शिकलेली मी. माझं प्रोग्रामिंग शिवणकामासारखंच, टाके घालायला वेळ, उसवायला सोपं. बोंडअळीनं कपाशी खाल्ली त्या सालानंतर त्या वसतिगृहात बाप गेलेल्या मुलींना फुकट जागा होती.

फुलसावंगीजवळच्या तांड्यावरून लालीबाई आपल्या पोरीला, जमनीला घेऊन दुकानात आली. जमनी दहावीत तांड्यात पहिली. जागा मिळाली तर अकरावी, नाही तर दिवाळीनंतर लग्न. मुलगा पाहूनही ठेवलेला.

अर्ज एकाच रकान्यावर अडला : वडिलांच्या मृत्यूची तारीख. खाली लाल अक्षरं, 'हा रकाना भरणे आवश्यक आहे.'

"मेला कुठं तो?" लालीबाई म्हणाली. "कपाशी उपटून तेलंगणात कामाले गेला. मंग फोनच बंद. कोणी म्हणते मेला, कोणी म्हणते दुसरी केली."

"मास्तरनं जमनीच्या जन्माचा एक जून टाकला, तसं टाकून देऊ का काही?" मी विचारलं.

"जन्म कोणताबी चालते, शीलाताई. मरण टाकलं का मले ह्या उतरवा लागते." तिनं ओढणी सरकवली. दंडभर पांढऱ्या बलिया, नवरा असणाऱ्या बाईनं घालायच्या बांगड्या.

मी कोड उघडला. त्या रकान्यापुढे 'आवश्यक : खरं' असं होतं, त्या खऱ्याचं खोटं केलं, म्हणजे रकाना रिकामाही चालेल. झालं. संगणक बिचारा काही विचारत नाही. रिकाम्या रकान्यासकट अर्ज गेला आणि बरोबरची हिरवी खूण उमटली. जमनी आईला म्हणाली, "याडी, गेला!" मलाही उगाच मोठं काही केल्यासारखं वाटलं.

यादी लागली. जमनी नव्हती. मी वसतिगृहाचं काम पाहणाऱ्या वामनरावांना फोन लावला.

"ताई, तारीख नाही म्हणजे बाप जिवंत," ते म्हणाले. "मशीनले तुम्ही सूट दिली, निवड समितीनं कुठं दिली? एक जागा आहे अजून. संध्याकाळपर्यंत पुरा अर्ज पाठवा, पाहतो."

मी निरोप धाडला. दुपारी दोघी आल्या. लालीबाईनं एवढ्या उन्हात ओढणी घट्ट लपेटलेली.

"लिहा," ती म्हणाली.

"कोणती?"

"आजची. काल रातपर्यंत तर होता माह्यासाठी."

जमनी भिंतीकडे पाहत होती. मी तारीख टाकली. टाकताक्षणी खाली नवा रकाना उघडला : मृत्यूचा दाखला जोडा. लाल. तारीख आली की दाखला मागायचा, हा वामनरावांनी सांगून घालून घेतलेला नियम. तोही मला ऐच्छिक करता आला असता, एका शब्दाचं काम. मी माउसवर हात ठेवला आणि काढून घेतला; समितीनं दाखला मागितलाच असता.

"झालं ना?" लालीबाईनं विचारलं.

दाखला लागतो म्हणून मी सांगितलं. तिनं पिशवीतून उतरवलेल्या बलिया काढल्या आणि तिथंच, स्टुलावर बसून, परत हातात घालू लागली. लग्नात घातलेल्या त्या, बारीक दंडाच्या मापाच्या. कोपराच्या वर सरकेनात.

"याडी, राहू दे," जमनी म्हणाली.

"तेल आहे का ओ ताई, थोडं?"

दुकानात तेल नव्हतं. मी शेजारच्या हॉटेलातून वाटीभर आणलं.