वरून दिसणारी गच्ची

वहिनी आणि त्यांची नणंद मिळून लॉन्ड्री चालवायच्या. हॉटेलांच्या चादरी धुवायच्या आणि गच्चीवर वाळत घालायच्या. पूर्वी दोरीआडून अख्खी खाडी दिसायची, होड्यांसकट. मग काठावर टॉवर आला. खाडी गेली ती गेलीच, सकाळचं ऊनही गेलं. चादरींना कुबट वास यायला लागला, गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली.

एक दिवस टॉवरचा मॅनेजर धापा टाकत गच्चीवर आला.

"ताई, या चादरी जरा मागच्या बाजूला घालाल का? आमच्या लोकांचा व्ह्यू खराब होतो."

नणंदेच्या हातातून ओला पिळा बादलीत पडला.

"आमची खाडी गिळलीत," वहिनी कडाडल्या, "आणि आता आमच्याच चादरी तुमच्या डोळ्यांत खुपतात? पाण्याकडे बघा म्हणावं!"

"काही गॅलऱ्या शहराकडे आहेत ना, ताई."

"चला, दाखवा मला. बघू तरी काय खुपतं ते."

ओल्या हातांनीच त्या निघाल्या. मॅनेजरला नाही म्हणता येईना. बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमधल्या सोफ्यावरचं प्लॅस्टिकही अजून निघालं नव्हतं.

"इथे राहतं कोण?"

"मालक वर्षातून एकदा येतात. आठवडाभर."

"मग एरवी तुमचा व्ह्यू बघतं कोण? पाली?"

मॅनेजर टाय सारखा करत राहिला.

एका खिडकीतून खाडी दिसली. वहिनी भांडायचं विसरून नुसत्या बघत राहिल्या. मग त्या दुसऱ्या बाजूच्या गॅलरीत गेल्या. खाली त्यांची गच्ची होती: ठिगळ लावलेली टाकी, मोडकी खुर्ची, लोंबणाऱ्या चादरी आणि एकटीच चादर झटकणारी मुंगीएवढी नणंद.

'ओंगळच दिसतंय की,' त्यांच्या मनात आलं. मनात आलं म्हणून त्या स्वतःवरच इतक्या चिडल्या, की लिफ्टची वाट न बघता बारा मजले पायऱ्यांनी उतरल्या.

"दिसली का खाडी?" नणंदेनं विचारलं.

"दिसली. आणि आपण पण दिसलो."

"कशा दिसतो?"

"जाऊ दे गं. धर ते टोक."

"मग चादरी मागे घालायच्या?"

"मागे ऊन आहे का? नाही ना! मग कशाला विचारतेस?"

दुसऱ्या दिवशी वहिनींनी सगळ्या चादरी पुढच्याच दोरीवर घातल्या, वर घरातली फाटकी ब्लँकेटंही. महिन्याभरात टॉवरच्या त्या बाजूच्या गॅलऱ्यांना बांबूचे पडदे लागले. मॅनेजर पुन्हा आला नाही.

चादरी मात्र अजूनही नीट वाळत नाहीत.