माझ्या पाठीवर ‘बेवारस’ची चिठ्ठी

साहेब, तुमचं नाव मला माहीत नाही, कारण तुमच्या नव्या नियमाच्या फलकाखाली सही नव्हती. पण विराबिला गावाच्या बागेतून, भर उत्सवात, माझ्यासकट तीनशे खुर्च्या तुमच्याच हुकमाने उचलल्या गेल्या. माझ्या पाठीवर ‘बेवारस’ अशी चिठ्ठी डकवली गेली. सत्तावीस वर्षं एकाच बाईचं वजन पेललेली मी, आणि बेवारस? निदान चिठ्ठी लावण्याआधी माझ्या बुडाखाली तरी बघायचंत. तिथे मालकिणीचं नाव ठसठशीत काळ्या शाईत लिहिलेलं आहे.

मित्रांनो, रागाच्या भरात ओळख करून द्यायची राहिली. मी एक जुनी घडीची खुर्ची आहे. सांगाडा ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा, त्यावर हिरव्या-पांढऱ्या नायलॉनच्या पट्ट्या विणलेल्या. माझा कारखाना केव्हाच बंद पडला. माझ्यासारखी आता दुसरी होणे नाही. “बरंच झालं,” डल्सी म्हणते, “बोटं चिमटणारी एवढी एक पुरे.”

डल्सी ही माझी मालकीण. तिचा नवरा क्लॅरी. त्याने जन्मभर मेंढ्यांची लोकर कातरली आणि जन्मभर स्वतःची गाणी स्वतःच्याच कुत्र्यांना ऐकवली. दर जानेवारीत कंट्री गाण्यांचा उत्सव भरला, की दोघं आपली कॅरव्हॅन ओढत येतात आणि नदीकाठी तळ देतात. आमच्याकडे जानेवारी म्हणजे भर उन्हाळा, आणि ऊन असं, की माझ्या नळीवर अंडं तळून घ्यावं.

इथे माझं काम मोठं असतं. पहाटे उजाडताना डल्सी मला बागेत नेते, मंचासमोर उघडते आणि परत जाऊन निवांत टोस्ट खाते. सगळेच असं करतात. बागेत माणूस एक नाही, खुर्च्या मात्र रांगेत शिस्तीत बसलेल्या. दुसऱ्याच्या खुर्चीला कुणी हात लावत नाही. वादळात उडाली तर शेजारी पळत जाऊन आणतो आणि होती तिथे, त्याच दिशेला तोंड करून ठेवतो. एका वर्षी मंच ऐन वेळी बागेच्या दुसऱ्या टोकाला उभारला गेला. खुर्च्या हलवायच्या कुणी? मालक येईपर्यंत तीन गायकांनी आमच्या पाठींसमोर गाणं म्हटलं. पण रिवाज तो रिवाज.

या वर्षी गोष्ट निराळी होती. एक्काहत्तराव्या वर्षी क्लॅरीची मोठ्या मंचासाठी निवड झाली होती. एकच गाणं, सकाळी अकरा वाजता. गाणं त्याच्या सात कुत्र्यांवर. प्रत्येक कडव्यात एक कुत्रा जगतो आणि शेवटी मरतो. अडचण अशी, की क्लॅरीला क्रम आठवत नाही. दुसऱ्या कडव्यात साप चावून गेलेला कुत्रा पाचव्यात मेंढ्या वळायला हजर! म्हणून डल्सीने समोर बसून नुसते ओठ हलवायचे, आणि त्याने ते बघून गायचं, असं ठरलं होतं.

“ती हिरवी खुर्ची शोध आणि तिथेच बघ,” डल्सीने त्याला बजावलं. “दुसऱ्या बायकांकडे बघायचं नाही.”

“या वयात कुत्रे लक्षात राहत नाहीत, बायका कुठून राहणार?” क्लॅरी म्हणाला. पण तो घाबरला होता.

मी पहिल्या रांगेत मधोमध बसले. आठ वाजता नारिंगी जाकिटातले दोन बाप्ये आले.

“नवा नियम आहे. माणूस नसलेली खुर्ची उचलायची,” पहिला म्हणाला.

“कुठे लिहिलाय?”

“मागच्या फाटकावर.”

“ते तर बंद असतं गड्या! आणि ही निळी माझ्या सासूची आहे.”

“मग तीच आधी उचल.”

संडासामागे आमचा ढीग लागला. आमच्या जागी पांढऱ्या प्लास्टिकच्या साठ खुर्च्या आल्या. त्यांवर ‘निमंत्रित’ असं लिहिलं होतं आणि भोवती दोरी बांधली होती. निमंत्रित मात्र तंबूत नाश्ता करत होते.

साडेदहाला डल्सी आली. माझी जागा बघून तिचा चेहरा उतरला. ती दोरीपाशी गेली, तर पहारेकरी आडवा आला.

“मावशी, मागे उभ्या राहा.”

“मी तुझी मावशी असते, तर तुला वळण लागलं असतं. माझी खुर्ची कुठाय?”

त्याने ढिगाकडे बोट दाखवलं. माझा पाय तीन खुर्च्यांत अडकला होता. डल्सी ओढत होती, शिव्या देत होती, आणि तिकडे गाणं सुरू झालं. क्लॅरीने समोर पाहिलं. साठ रिकाम्या पांढऱ्या खुर्च्या. पहिला कुत्रा नीट मेला. दुसरा मेला. तिसऱ्याला क्लॅरीने दुसऱ्याचंच नाव दिलं. लोक हसले. त्याचा हात गिटारच्या तारांवर थांबला.

तेवढ्यात मी सुटले! डल्सीने मला डोक्यावर धरलं आणि दोरीखालून आत शिरली.

“इथे खुर्ची ठेवता येणार नाही!” पहारेकरी ओरडला.

“ठेवतंय कोण? मी बसतेय!”

ती धपकन बसली. ओढाताणीत माझ्या दोन पट्ट्या उसवल्या होत्या, त्या तुटल्या. डल्सी कमरेपर्यंत माझ्यात रुतली, गुडघे हनुवटीला. आता मला उचलायचं तर तिलाही उचलायला हवं. पहारेकऱ्याने तिच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि तो मागे सरला.

त्या अवस्थेत ती ओठ हलवत राहिली. क्लॅरीने तिला पाहिलं, टोपी सावरली आणि म्हणाला, “माफ करा मंडळी, तिसरा कुत्रा अजून जिवंत आहे.” मग त्याने उरलेले पाचही कुत्रे एकेक करून, क्रमाने, पोचवले. सातव्याला तर मागची माणसं डोळे पुसत होती.

मित्रांनो, मला नव्या पट्ट्या विणून मिळाल्या, दोन लाल रंगाच्या. मी अजून वीस वर्षं टिकेन. रिकामी खुर्ची दिसली तर समजा, कुणीतरी तिच्या भरवशावर टोस्ट खात बसलंय. तिला हलवू नका.

आणि साहेब, तुमच्यासाठी एकच प्रश्न. तुमच्या त्या साठ पांढऱ्या खुर्च्या दुपारी दोनपर्यंत रिकाम्या होत्या. एकीवरही माणूस नव्हता. मग त्यांच्या पाठीवर ‘बेवारस’ची चिठ्ठी का नाही लागली? उत्तर द्या. लेखी द्या, आणि या वेळी खाली सही करा.