वाळवंटात गेलेलं बुरोंडीचं जाळं

मी एका जुन्या जाळ्याचा तुकडा आहे. मासे धरायच्या जाळ्याचा. मित्रांनो, मी वाळवंट पाहून आलो असं सांगितलं तर तुम्ही हसाल. पण मी खरंच पाहिलं, आणि तिथे बसलेला धक्का अजून माझ्या धाग्यांतून गेलेला नाही.

माझा जन्म कोकण किनाऱ्यावरच्या बुरोंडीचा. नायलॉनचा धागा बाजारातून आला, पण मला विणलं भागूबाईने. तिची गाठ इतकी पक्की, की तिचा नवरा मोरू बंदरावर सगळ्यांना सांगायचा, "आमच्या हिची गाठ एकदा बसली का सुटायची नाय!" ते ऐकून मला फार बरं वाटायचं. सात वर्षं मी बांगडे धरले, पेडवे धरले. मग एकदा खडकात अडकून फाटलो. मोरूने नवं जाळं आणलं आणि मी माडाच्या बुंध्याशी पडून राहिलो. कोंबड्या माझ्या अंगावरून फिरायच्या.

पुढे त्यांचा मुलगा रूपेश जैसलमेरच्या पलीकडे, सोलरच्या एका प्रकल्पावर वायरमन म्हणून निघाला. वळकटी बांधायला दोर सापडेना. तेव्हा भागूबाईने माझा धड असलेला भाग कापला आणि त्यात त्याचं अंथरूण गुंडाळलं.

तिथे पोहोचलो आणि मी हादरलोच. पाणी कुठेच नाही! वाळवंट म्हणजे नुसती वाळू असं मला वाटायचं. इथे तर मैलोन्‌मैल खडे आणि दगड पसरलेले, मध्येच वाळूच्या टेकड्या. त्या टेकड्याही वाऱ्याने जागा बदलायच्या. बुरोंडीत आषाढातल्या एखाद्या जोराच्या दिवसात पडतो, तेवढा पाऊस इथे वर्षभर मिळून पडतो, हे रूपेशला तिथे गेल्यावर कळलं. मे महिन्यात पारा सत्तेचाळीसवर गेला. थंडीत मात्र पहाटे हात गारठायचे.

त्याहून नवल तिथल्या जिवांचं. सांडा नावाचा एक जाडशेपट्या सरडा उन्हाला कंटाळला की बिळात शिरून आतून तोंड मातीने बुजवून घ्यायचा. खेजडीचं झाड पाण्यासाठी मुळं खोल खोल न्यायचं आणि भर उन्हाळ्यात हिरवं दिसायचं. चिंकारा नावाची लहानखुरी हरणं पाल्यातल्या ओलाव्यावरच दिवस काढायची.

रूपेशला घरच्या भाजीची आठवण यायची. त्याने खोलीमागे भेंडी लावली. आंघोळीचं पाणी तो तिलाच घालायचा. शेळ्या तोंड घालू लागल्या, म्हणून त्याने चार खुंट ठोकून मला भोवती बांधलं. पुन्हा काम मिळालं म्हणून मी खूश झालो.

एका सकाळी मला जोराचा हिसका बसला. चिंकाऱ्याचं पाडस! ओल्या पानांच्या वासाने आलं होतं. त्याची मान माझ्या विणीतल्या एका घरात अडकली होती. ते जितकं ओढायचं, तितका मी आवळत होतो. मला थांबता येईना. पन्नास पावलांवर त्याची आई उभी होती. पाय आपटत होती, पण जवळ येत नव्हती.

मित्रांनो, समुद्रात मी हजारो जीव धरले. पण धरलेल्याची आई अशी समोर उभी राहिलेली मी कधी पाहिली नव्हती.

रूपेश धावत आला. तो गाठ सोडवू लागला. तेवढ्यात दूध घेऊन येणारी शेळीवाली केसरबाई ओरडली, "सोडवत काय बसलास? काप!"

"आईने विणलंय हो..."

"त्याची आई तिकडे उभी आहे. काप!"

रूपेशने चाकू चालवला. पाडस खाली पडलं ते हलेचना. त्याने पाण्याची बाटली उघडली, तर केसरबाईने त्याचा हात धरला. "तोंडात ओतू नकोस, गुदमरेल." तिने ओढणीची सावली धरली आणि दोघं तिथेच बसून राहिले. किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. मग एक कान हलला. पाडस उठलं, धडपडलं, पुन्हा उठलं आणि लंगडत आईकडे गेलं.

रूपेशने लगेच घरी फोन लावला. "आये, तुझी गाठ सुटली नाय गो. कापायला लागली."

मग त्याने पाडसाचं सगळं सांगितलं. भागूबाई म्हणाली, "जगलं ना? मग काप सगळं. त्या कुंपणाला एक धागा ठेवू नको."

त्याच दिवशी त्याने मला उतरवलं आणि केसरबाईच्या सांगण्यावरून बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं. ज्या गाठीचं सात वर्षं कौतुक ऐकलं, तिनेच एका पिलाचा गळा आवळला होता. मी सुन्न झालो होतो. पुढे सुट्टीला येताना रूपेशने मला गुंडाळून बुरोंडीला परत आणलं.

मित्रांनो, फाटलेलं जाळं किनाऱ्यावर टाकू नका, शेताला बांधू नका. गुंडाळून घरात ठेवा किंवा भंगारात द्या. आम्हाला फक्त धरता येतं. सोडायला माणूसच लागतो, आणि तो दर वेळी वेळेवर पोहोचत नाही.